परगावच्या माणसाची पत

पुणे हे बाहेरून आलेल्या माणसांनी भरलेले शहर आहे, ही गोष्ट आपण पुणेकर फार सफाईने विसरतो. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि मग माणसांची रीघ लागली. कोकणातून कारकून आले, भिक्षुक आले. देशावरून शिलेदार आले. गुजराथेतून आणि मारवाडातून पेढीवाले आले. इंग्रजी अंमलात लष्कराच्या मागोमाग पारशी, बोहरी, तमिळ, तेलुगू मंडळी आली. आज मुळा-मुठा ओलांडून येरवड्याला जावे, तर तिथल्या काचेच्या कचेऱ्यांत लखनौचा, चेन्नईचा, नागपूरचा इंजिनियर बसलेला दिसतो आणि त्याच कचेरीची फरशी पुसणारी बाई लातूरकडची किंवा यवतमाळकडची असते.

या सगळ्यांना आल्या दिवशी एकच प्रश्न पडतो. पैसा गावी आहे, किंवा पुढच्या महिन्यात हाती यावयाचा आहे. पण या नव्या गावात मला ओळखते कोण? 'नव्या शहरी जाणाऱ्या, कामात गढलेल्या गृहस्थांसाठी खास व्यक्तिगत बँकसेवा' अशी जाहिरात हल्ली बँका करतात, ती या प्रश्नाचेच उत्तर म्हणून. मी कामगार चळवळीतला माणूस. असली सेवा घेण्याइतका पैसा माझ्याजवळ कधी नव्हता. परंतु ही गोष्ट नवी आहे असे जे समजले जाते, ते मात्र खरे नाही. ती फार जुनी आहे. तिचा इतिहास म्हणजे ओळखीचा इतिहास, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

पेशवाईतला कोणी व्यापारी काशीहून पुण्यास निघाला, तर वाटेतल्या पेंढाऱ्यांच्या भीतीने तो रोकड बरोबर घेत नसे. तिथल्या पेढीवर रक्कम भरून तो पुण्यातल्या पेढीवरची हुंडी घेई आणि त्यासाठी हुंडणावळ देई. हुंडी दाखवताच पैसे मिळावयाचे असले तर ती दर्शनी, काही दिवसांनी मिळावयाचे असले तर मुदती. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर 'परपेठ'. पैसे चुकते होऊन हुंडी रद्द झाली म्हणजे तिचा 'खोका' होई. कागद एवढासा, पण व्यवस्था किती बांधेसूद होती ते पाहा. इंग्रज सरकारने १८८१ साली हुंड्या-चेकांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक चालीरीतींना आपण धक्का लावीत नाही, असे त्याला पहिल्याच कलमात लिहावे लागले.

या हुंड्यांत एक जात होती 'शाहाजोग' हुंडीची. या हुंडीचे पैसे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला द्यावयाचे नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच, म्हणजे सावालाच, द्यावयाचे असत. मग परगावाहून आलेल्या माणसाने काय करावे? त्याने गावातला एखादा ओळखीचा साहुकार गाठावा आणि त्याच्या हातून हुंडी वटवावी. यातला मुख्य मुद्दा पुढेच आहे. ती हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर मध्ये पडलेल्या साहुकाराला रक्कम व्याजासकट परत करावी लागे. म्हणजे तो जी ओळख देई ती तोंडदेखली नसे. तिच्यामागे त्याची स्वतःची थैली असे.

आज 'शहाजोग' हा शब्द आपण कोणासाठी वापरतो? आतून लबाड आणि वरून सज्जनपणाचा आव आणणाऱ्यासाठी. शब्दाची ही घसरगुंडी कशी झाली ते भाषापंडितांनी सांगावे. मला आपले वाटते की, पतीचा शिक्का ज्यांच्या कपाळी होता त्यांच्याशी सामान्य माणसाचा जो व्यवहार पडला, त्याची नोंद भाषेने करून ठेवली आहे.

मोठ्या माणसांना त्याही काळी घरपोच सेवा मिळे. सरदार मोहिमेवर निघाला की सावकाराचा गुमास्ता छावणीत असे. शिबंदीचा पगार तुंबला की तो रक्कम पुढे करी आणि मुलखाच्या वसुलावर ती लिहून घेई. दीक्षित-पटवर्धनांसारखी घराणी पुण्यात राज्यकर्त्यांना कर्ज देत होती. बाजीराव स्वतः कर्जाने इतके गांजले होते की, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे रडगाणे पुन्हा पुन्हा येते. आणि हे स्वामीही त्यांचे एक धनकोच होते! ज्याच्या घोड्यांनी नर्मदा ओलांडली त्याची पतही शेवटी व्यक्तीचीच होती. माणूस पाहून पैसा, हाच कायदा.

विलायतेतही वेगळे नव्हते. लंडनची होअर नावाची पेढी १६७२ सालची. आजही ती त्याच घराण्याकडे आहे. अशा पेढीला 'खासगी' म्हणत ते मालकांवरून. पेढी बुडाली तर भागीदारांना घरदार विकून ठेवीदारांचे देणे द्यावे लागे, म्हणून ती खासगी. हल्ली बँकेतला 'खासगी' विभाग म्हणजे श्रीमंत गिऱ्हाइकासाठी आतली निराळी खोली. जोखीम मालकाची होती तेव्हाचा शब्द, जोखीम कोणाचीच नाही अशा ठिकाणी येऊन बसला आहे.

आता गरिबाकडे वळू. पुण्यातल्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली केला. त्याच साली, मे महिन्याच्या १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे जाळले. दंगा पसरला, आणि त्यातूनच १८७९ सालचा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. या प्रकरणातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. सुप्याचे पुष्कळसे सावकार स्वतःच परगावचे होते, मारवाड-गुजराथेतून आलेले. परंतु त्यांच्यामागे त्यांची जात होती, पेढ्यांची साखळी होती आणि नवी कोर्टे होती. कुणबी पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, पण दिवाणी कोर्टात त्याला कोणी ओळखत नव्हते. तिथे त्याचा अंगठा तेवढा ओळखीचा होता. म्हणजे गावात राहूनही माणूस परगावचा होऊ शकतो.

ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाची पहिली बँक निघाली ती पोस्टात. १८८० साली पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली आणि १८८२ साली बचत बँक. रत्नागिरीकडचा माणूस मुंबईच्या गिरणीत लागला की पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीशी उभा राही. त्या फॉर्मखाली चार ओळी लिहिण्याची जागा असे. लेखनिकाला पैसा-दोन पैसे देऊन तो तीही भरून घेई. तिकडे पोस्टमन दारात येऊन म्हाताऱ्या आईचा अंगठा घेई आणि शेजारी साक्षीला उभा राही. यालाही मी व्यक्तिगत सेवाच म्हणतो. हिच्यासाठी खात्यात किमान शिल्लक किती, असे कोणी विचारीत नव्हते.

पण पोस्ट पैसा पोचवी आणि सांभाळी. कर्ज देत नसे. नव्या शहरात पहिली गरज कर्जाची. पहिला पगार मिळेपर्यंत खावे काय? त्याची सोय गिरणगावात खाणावळवाल्या बाईने केली. महिनाभर उधारीवर जेवू घाली, आणि त्यासाठी स्वतः वाण्याकडे किंवा सावकाराकडे दागिना गहाण ठेवी. कोकणातल्या एकेका गावची मंडळी मिळून खोली घेत; गोव्याच्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे 'कूड' धोबीतलावच्या बाजूला असत. ज्याला यांतले काही मिळत नसे, त्याला फाटकाशी उभा असलेला व्याजवाला पठाण गाठी. व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाची दखल घेतली आणि वसुलीसाठी कारखान्याच्या फाटकाशी घेराव घालून बसणे हा गुन्हा ठरवावा असे सुचवले. कर्ज कोठून मिळावे हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. खाणावळवाल्या बायांनाच बँकेच्या दारी नेण्याचे काम १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या द्वारे केले. ज्या बाईने गिरणगावाची निम्मी उधारी अंगावर घेतली होती, तिला बँकेने ऋणको म्हणून ओळखावयास एवढी वर्षे लागली.

सहकाराची वाट मधल्या काळात निघाली होती. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०६ साली पुण्यात कॉसमॉस बँक निघाली. १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक काढली. ठाकरसी हे नाव येरवड्याला अपरिचित नाही. टेकडीवरची 'पर्णकुटी' ती त्यांच्या घराण्याची. मे १९३३ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून सुटले आणि आपला एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी लेडी प्रेमलीला ठाकरसींच्या या घरी पुरा केला. विठ्ठलदास त्याआधीच, १९२२ साली, वारले होते. त्यांची ती बँक मात्र वाढत गेली आणि आज महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून आहे. हे नाव ध्यानात ठेवा. तिला येरवड्यात पुन्हा यावयाचे आहे.

प्राध्यापक वामन गोविंद काळे आणि धोंडू कुशाबा साठे यांनी बँक ऑफ महाराष्ट्र उभारली. तिची नोंदणी १९३५ ची आणि कामकाज १९३६ पासून. मध्यमवर्गीय पुणेकराला बँकेत आपल्या भाषेत बोलता येऊ लागले हे तिचे श्रेय मोठे. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यांत ती होती. त्यानंतर शाखा वाढल्या, शेतकरी आणि छोटे कारागीर दारात आले. एक अट मात्र सुटली नाही. नवे खाते उघडावयाचे तर जुन्या खातेदाराची ओळख पाहिजे.

नव्वदीच्या दशकात मी येरवड्याच्या बाजूला कंत्राटी कामगारांत काम करीत होतो. तेव्हा पगार बहुधा रोखीने होत. १९३६ च्या पगारविषयक कायद्याने तो नाण्यांत किंवा नोटांतच द्यावयाचा होता आणि चेकने द्यावयाचा तर १९७६ पासून कामगाराची लेखी संमती लागे. रोखीतून मुकादम किती खातो हे कळावयास मार्ग नव्हता, म्हणून आम्ही बँकेत पगार मागू लागलो. माझे एका शाखेत खाते होते. 'मी अर्जदारास इतक्या वर्षांपासून ओळखतो' या ओळीखाली मी किती सह्या केल्या याची गणती नाही. वाक्य छापील, वर्षे तेवढी भरावयाची. ज्याला युनियन माहीत आहे त्याला ओळखदार मिळे. ज्याला माहीत नाही तो उघडा पडे. शाहाजोग हुंडीचाच हा प्रकार, फक्त साहुकाराच्या जागी मी उभा होतो आणि माझी थैली रिकामी होती.

याच काळात, १९९३ साली, पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांची ही संघटना. पोलिसाने हटकले, सोसायटीच्या रखवालदाराने हुसकले, की दाखवावयास त्यांच्याजवळ काही नसे. संघटनेने त्यांना ओळखपत्रे दिली आणि पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली. पुढे त्यांची स्वतःची पतसंस्था झाली. ज्या बाईला बँकेच्या पायरीवर कोणी उभे करीत नव्हते, ती आपल्याच बायांच्या संस्थेतून कर्ज काढू लागली आणि फेडू लागली. बँकांच्या इतिहासाची पुस्तके हे प्रकरण धर्मादायात घालतात. माझ्या मते ते पतीच्या इतिहासातले आहे आणि तेही ठळक अक्षरात यावयास हवे.

पुढे ओळखदार गेला आणि कागद आला. रिझर्व्ह बँकेने २००२ पासून 'आपला ग्राहक ओळखा' असे नियम घातले. नाव छान, अर्थ असा की फोटो आणि पत्त्याचा पुरावा आणा. परगावच्या माणसाची इथेच कोंडी झाली, कारण त्याचा पुरावा गावचा आणि बिऱ्हाड इथले. खोलीचा मालक भाडेपावती देत नाही, वीजबिल त्याच्याच नावावर. जून २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की पत्त्याचा एकच पुरावा पुरे; तो गावचा असला तरी चालेल, इथला पत्ता माणसाने स्वतः लिहून द्यावा. त्याच साली ऑगस्टमध्ये जनधन योजना आली. हे दोन निर्णय लहान नव्हेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगार थेट खात्यात भरावयास कामगाराची संमतीही लागेनाशी झाली. खाते नाही म्हणून अडलेला कामगार आता मला क्वचित भेटतो.

मग अडते कोठे? इथे त्या कामात गढलेल्या गृहस्थाकडे पुन्हा पाहू. त्याची टवाळी करण्याचा माझा मुळीच विचार नाही. तो बंगळुराहून येतो. घराची अनामत भरावयाची, मुलाला शाळेत घालावयाचे, गाडीची नोंदणी इकडे करावयाची, आणि कचेरीत पहिल्याच आठवड्यापासून बारा-बारा तास. बँक त्याला एक अधिकारी नेमून देते. तो घरी येतो, सह्या घेतो, लॉकर पाहून देतो, आणि जाता जाता विम्याची एखादी पॉलिसीही गळ्यात बांधतो, कारण त्याच्या डोक्यावर महिन्याच्या आकड्याची टांगती तलवार असते. तोही नोकरच आहे, बहुधा परगावचाच, आणि वर्षा-दोन वर्षांनी बदलून जातो.

पण बारकाईने पाहिले तर या नव्या गुमास्त्यात आणि जुन्या साहुकारात एक मोठे अंतर आहे. साहुकार माणसाची ओळख देई आणि ती चुकली तर पैसे भरी. हा अधिकारी गोड बोलतो, पण ओळख देत नाही. गृहस्थाने घरासाठी कर्ज मागितले की निर्णय त्याच्या हाती नसतो. गुणांकाचा आकडा पाहतात. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलसारख्या कंपन्या हा आकडा काढतात, आणि तो निघतो आधी घेतलेल्या बँककर्जांच्या फेडीवरून. ज्याने आधी कर्ज घेतले आहे त्याला पुढचे मिळते.

फरशी पुसणाऱ्या बाईचे काय? ती वीस वर्षे वाण्याची उधारी दर महिन्याला फेडते आहे. भिशीचा हप्ता तिने चुकवलेला नाही. खोलीचे भाडे तारखेला देते. पतीचा याहून मोठा पुरावा कोणता? पण यांतला एक पैसाही आकड्याच्या वहीत चढत नाही. तिच्या गल्लीत तिची पत आहे. बँकेच्या लेखी ती कालच जन्मली आहे. गृहस्थाला व्यक्तिगत वागणूक मिळते आणि निर्णय आकड्यावर होतो. बाईला आकडाही नाही आणि विचारावयास माणूसही नाही. तिचे खाते आहे. त्यात पगार पडतो आणि निघतो, एवढाच तिचा आणि बँकेचा संबंध.

असे न करताही भागते, याचा एक दाखला येरवड्यातच आहे, आणि तो अशा जागी की जिथे कोणी पत शोधावयास जाणार नाही. येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह १८७१ चे. १ मे २०२२ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, तिथे 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू झाली. कर्ज देणारी बँक महाराष्ट्र राज्य सहकारी बँक, म्हणजे ठाकरसी आणि सामळदास यांनी १९११ साली काढलेली तीच. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज दरसाल ७ टक्के; तारण नाही, बाहेरचा जामीन नाही. घरखर्च, मुलांचे शिक्षण, वकिलाची फी अशा कामांसाठी पैसा द्यावयाचा आणि कैदी तुरुंगात जे काम करतो त्याच्या मजुरीतून तो वळता करावयाचा.

रक्कम ठरवण्याची रीत कामगारांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. माणसाची शिक्षा किती उरली, त्याला सूट किती मिळेल, वय काय, वर्षातून कामाचे दिवस अंदाजे किती भरतील आणि रोजची मजुरी किती, हे पाहून त्याची पत काढतात. तो कोण, कोणाच्या ओळखीचा, मागे कर्ज होते की नाही, हे दुय्यम. त्याचे काम हीच त्याची पत. ज्याला समाजाने साव म्हणावयाचे सोडून दिले, त्याला बँकेने शाहाजोग मानले, आणि ते त्याच्या श्रमाचा हिशोब मांडून.

आता त्या भिंतीच्या बाहेर या. चार फर्लांगांवर सफाई कामगार, रखवालदार, गवंडी, स्वयंपाकीण यांच्या वस्त्या आहेत. त्यांचेही कामाचे दिवस मोजता येतात, मजुरी ठरलेली असते. ती मोजून पत काढावयास अडचण एकच पडते: तुरुंगात हजेरीचा आणि मजुरीचा कागद असतो, बाहेर कंत्राटदाराकडे तो नसतो, आणि असला तर कामगाराच्या हाती पडत नाही. दर महिन्याला वेतनचिठ्ठी द्यावी असे २०१९ च्या वेतनसंहितेतही आहे. म्हणून आमच्या मागणीपत्रात हल्ली मजुरीच्या दराखालोखाल दुसरे कलम वेतनचिठ्ठीचे असते, आणि तिच्यावर कामाचे दिवस, कापलेला भविष्यनिधी आणि मूळ मालकाचे नाव छापलेले असावे असा आम्ही आग्रह धरतो. कंत्राटदार दर वाढवून द्यावयास एक वेळ तयार होतो. या चिठ्ठीला मात्र शेवटपर्यंत नकार देतो.